सव्वीस आठवडे, कुणाच्या खात्यातून?

पुण्यात नऱ्ह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं छोटं युनिट आहे. प्लास्टिकचे मोल्डेड पार्ट. मशीनवरची पोरं, पॅकिंगच्या बायका, ऑफिस, सगळं धरून पंचविसेक माणसं. अकाउंट्स, पगार, पीएफ, ईएसआयसी, जीएसटी माझ्याकडे. कुणाची किती रजा उरली, कुणाचा ॲडव्हान्स या महिन्यात कापायचा नाही, हे साहेबांच्या आधी मला माहीत असतं. त्यामुळे २०२३ मध्ये मला दिवस गेले तेव्हा रजा मागणारीही मीच आणि तिचा हिशेब मांडणारीही मीच, असा प्रकार झाला.

मार्च एंडिंग उरकल्यावरच साहेबांना सांगितलं. आधी सांगून उपयोग नव्हता, त्या दिवसांत त्यांना काही ऐकूच जात नाही. ते मनापासून खूश झाले. मॅडमना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्यासमोरच फोन लावला. मग फोन ठेवून म्हणाले, "छान झालं ताई. आता मग... तीन महिने लागतील ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "सहा. सव्वीस आठवडे."

"बिनपगारी?"

"नाही. पगारी."

त्यांचा चेहरा पडला असं मी म्हणणार नाही, पण हसू जागच्या जागी थांबलं. "पण ते तर ईएसआयसी देतं ना? त्या आपल्या पॅकिंगवालीला दिलं होतं की."

सगळा गुंता इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या पॅकिंगमधल्या एकीचं बाळंतपण माझ्या आधी झालं होतं. तिचा पगार महिना २१ हजारांच्या आत, म्हणजे ती कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयसीत. तिच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते. आधीच्या दोन अंशदान कालावधींत (हप्ते मोजायचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवसांचा हप्ता भरलेला असला की सव्वीस आठवड्यांची पूर्ण सरासरी मजुरी महामंडळ थेट तिच्या बँक खात्यात टाकतं. तपासण्या आणि बाळंतपण बिबवेवाडीच्या ईएसआयसी हॉस्पिटलात. कंपनीच्या खिशाला हप्त्यापलीकडे तोशीस नाही. त्यामुळे तेव्हा आमच्याकडे सगळा आनंदीआनंद होता. तिला साडी दिली, रजेच्या कागदावर सही करताना साहेब म्हणाले, "आराम कर, घाई करू नकोस."

माझा पगार २१ हजारांच्या वर. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तिथेच अडकलेली आहे. तिच्या वर गेलेल्या बाईला तेव्हा लागू होता मातृत्व लाभ कायदा, १९६१. सव्वीस आठवडे तिथेही तेच, २०१७ च्या दुरुस्तीने बाराचे सव्वीस झाले. फरक एवढाच की पैसे मालकाने द्यायचे. पूर्ण. सरकारचा त्यात एक रुपया नाही. म्हणजे कमी पगाराच्या बाईची रजा सगळ्यांच्या वर्गणीतून निघते आणि थोड्या जास्त पगाराच्या बाईची रजा एकट्या मालकाकडून. मालकाकडे दोनशे कोटींचा धंदा असो नाहीतर आमच्यासारखी कॅश क्रेडिट लिमिटवर, म्हणजे बँकेच्या उधारीवर चालणारी गाडी असो, नियम एकच. दहा माणसं असली की कायदा लागू.

साहेब म्हणाले, "कन्सल्टंटना विचारतो."

आमचे लेबर कन्सल्टंट फोनवर भेटतात. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी माझ्याच व्हॉट्सॲपवर आलं, कारण असल्या गोष्टी माझ्याकडेच येतात. हिशेब कोणाचा आहे हे साहेबांनी त्यांना सांगितलं नसावं. मजकूर असा: रजा द्यावी लागेल, पण पैसे फक्त बेसिकवर काढा, आणि रविवार वगळा.

आमच्याकडे बेसिक एकूण पगाराच्या जेमतेम निम्मं. उरलेलं घरभाडे भत्ता आणि इतर भत्ते. त्यातून रविवारही गेले असते तर हातात काय उरलं असतं ते मी एक्सेलमध्ये मांडून बघितलं. माझ्या घराचा हप्ता आणि सोनोग्राफी, एवढ्यात खलास.

त्या रात्री मी कायदा उघडून बसले. इंग्रजी मजकूर सरकारी साइटवर फुकट आहे आणि वाटतो तितका अवघड नाही. कलम ३ मध्ये वेतनाची व्याख्या आहे. त्यात रोख भत्ते धरायचे असं लिहिलंय, आणि कंसात महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता अशी नावंच घातली आहेत. ओव्हरटाइम वगळलाय, पीएफमधला मालकाचा वाटा वगळलाय, ग्रॅच्युइटी वगळली आहे. घरभाडं वगळलेलं नाही. रजेवर जायच्या आधीच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची आणि त्या दराने पैसे द्यायचे. रविवारचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच निकालात काढलाय. कोइमतूरच्या लेबर कोर्टातून वर गेलेला बी. शाह यांचा खटला. आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून, असा तो निकाल. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि २०२३ मध्ये आमचे कन्सल्टंट अजून रविवार कापतायत.

(आता कुणी हे वाचून माझ्यासारखाच हिशेब मांडायला बसणार असेल तर थांबा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्या सहाव्या प्रकरणात गेला. सव्वीस आठवडे तेच आहेत, पण वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता आता वगळलेल्या यादीत आहे, मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. पगाराची स्लिप समोर ठेवूनच आकडा काढा.)

मग मी रीतसर अर्ज केला. माझ्याच ऑफिसात, माझ्याच इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद करून, माझ्याच हाताने शिक्का मारून घेतला. ऑफिसबॉय बघून हसत होता. पण पोच हवीच. अर्जात लिहिलं: रजा कोणत्या तारखेपासून, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, डॉक्टरांचं अपेक्षित तारखेचं प्रमाणपत्र सोबत जोडलंय. प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. मी त्यातले थोडेच आधी वापरले, कारण आधी वाचवलेला प्रत्येक आठवडा बाळ झाल्यावर वापरता येतो. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि सोमवारी मी परत वडगाव पुलाच्या ट्रॅफिकमध्ये. त्यांच्या मते हा शुद्ध अडाणीपणा. त्यांची मोठी सून, माझी जाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला १८० दिवसांची रजा मिळाली होती आणि तिच्या अर्जावर कुणी कन्सल्टंट बसला नव्हता. आकड्यात बघायला गेलं तर खासगीवाल्यांना दोन दिवस जास्तच मिळतात, कारण सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. हे मी जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते दोन दिवस तुम्ही भांडण्यातच घालवलेत की."

साहेबांसमोर बसून बोलणं झालं ते मेच्या अखेरीस. मी कलमांचे प्रिंट नेले होते. त्यांनी ते बाजूला सरकवले. "ताई, कायदा असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुम्हीच सांगा, तुम्हाला माहितीये खात्यात काय आहे ते."

आणि मला माहीत होतं, हीच अडचण होती. आमचा मोठा ग्राहक नव्वद दिवसांनी पैसे देतो. कॅश क्रेडिट दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास तळाला जातं. माझ्या पगाराशिवाय माझ्या जागी सहा महिने कुणीतरी लागणार, तिचा पगार वेगळा. म्हणजे अकाउंट्सच्या एका खुर्चीचे दोन पगार. हे सगळं मीच दर महिन्याला त्यांना छापून देते, त्यामुळे "कंपनीला काय फरक पडतो" हे वाक्य माझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. पण म्हणून माझा पगार मी का सोडावा? ग्राहक पैसे उशिरा देतो याची किंमत माझ्या बाळाने मोजायची, हे काही मला पटेना. तसं मी बोलले. जरा जोरातच बोलले.

साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग हसत म्हणाले, "पुढच्या वेळी अकाउंट्सला मुलगाच बघायला हवा."

चेष्टेत म्हणाले. पण ती चेष्टा माझ्या डोक्यातून गेलेली नाही, कारण त्यातला हिशेब खरा आहे. एखाद्या बाईला नोकरीवर घेणं म्हणजे कधीतरी अर्ध्या वर्षाचा पगार आपल्या खिशातून भरणं, असं कायद्यानेच ठरवून दिलं, तर छोटा मालक इंटरव्ह्यूलाच मनात आकडे मांडणार. तोंडाने विचारणार नाही, पण "लग्न झालंय का" हा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याला कळतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने सांगितलं होतं की मालकांना सात आठवड्यांचा पगार परत देण्याचा विचार चालू आहे, तोही १५ हजारांपर्यंतच्या पगारासाठी. माझ्यासारखीला त्यातून काहीच नव्हतं. माझं मत विचाराल तर सगळ्यांनाच, २१ हजारांच्या वरच्यांनाही, या एका गोष्टीपुरतं वर्गणीत घ्या. पाव टक्का जास्त कापा. पुरुषांच्या पगारातूनही कापा, मुलं काही एकट्या बायकांची नसतात.

शेवटी ठरलं ते असं. पूर्ण पगार, भत्ते धरून. कायद्याप्रमाणे प्रसूतीआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ आणि नंतरचे सगळे पैसे जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. मी ते एकरकमी मागितले नाहीत, महिन्याच्या महिन्याला चालतील म्हटलं, पण तसं लिहून घेतलं आणि तारीख घातली: सात. वर मेडिकल बोनस ३,५०० रुपये. आमच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपण धरलेलं नव्हतं आणि कंपनीने दुसरी काही सोय केली नव्हती, म्हणून तो लागू. कन्सल्टंटनी असा बोनस कधी ऐकलाच नव्हता. मी पगाराच्या शीटमध्ये नवीन कॉलम घातला. त्या कॉलममध्ये आजपर्यंत एकच आकडा आहे.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. महापालिकेचा जन्मदाखला हातात यायला वेळ लागतो, म्हणून पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवलं. तेही चालतं.

नवरा चाकणला एका कंपनीत आहे. त्याला कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे पाच दिवस मिळाले, आणि ते मिळाले हीच कृपा, कारण खासगी नोकरीतल्या बापाला आपल्याकडे कायद्याने एक दिवसही मिळत नाही. माझे दीर पोस्टात, केंद्र सरकारचे कर्मचारी. त्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा, तीही मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घ्यायची सोय. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच हॉस्पिटलच्या एकाच कॉरिडॉरमध्ये उभे. नवऱ्याचे पाच दिवस तर आम्ही घरी येईपर्यंतच संपत आले. पुढे तो रात्रपाळी मागून घेऊन दिवसा मुलीला सांभाळायचा, आणि मी आणि सासूबाई झोपायचो. तो कधी झोपायचा हे मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

रजेतला खरा त्रास पैशाचा नव्हताच, फोनचा होता. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार होती, पण नवीन. महिन्याची १५ तारीख पीएफ आणि ईएसआयसीची, २० तारीख जीएसटीआर-३बीची, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नची. माझी लेक जेमतेम बारशाची झाली होती आणि मी तिला खांद्यावर टाकून, एका हाताने तिची पाठ थोपटत, फोनवर पीएफचं रिटर्न कसं भरायचं ते सांगतेय: "ईसीआर अपलोड होत नाही ना? यूएएनच्या कॉलममध्ये बघ, आधी स्पेस पडलीये का. हो, काढ ती. आता परत घाल." पलीकडून "झालं मॅडम!" असा चित्कार, आणि त्या चित्काराने मुलगी जागी. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत बाईला कामावर ठेवायलाच कायद्याने बंदी आहे. ते काम घरून, फोनवर, फुकट चाललं तर कुणी बघत नाही. मी साहेबांना मेसेज केला की सहा आठवडे फोन बंद, त्यानंतर दुपारी तीन ते चार. दंड किती होईल याचा अंदाज त्यांना २० तारखेला आला असावा, कारण त्यांनी त्यांच्या सीएंचा माणूस दोन दिवस बसवला. तो माणूस आधी का नव्हता बसवला, हे मी अजून विचारते.

पगार पहिले दोन महिने सातला आला. मग दिवाळीच्या महिन्यात बाकी सगळ्यांचा झाला, माझा नाही. मला कळलं कारण पॅकिंगवाल्या ताईंनी बोनसचा फोन केला. आठवडाभर वाट बघितली आणि मग लिहून घेतलेल्या कागदाचा फोटो साहेबांना पाठवला. खाली एक ओळ: "कामगार कार्यालयात जायची इच्छा नाही." संध्याकाळी पैसे जमा. त्या ओळीचा मला आनंद नाही. सहा वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाला असं लिहावं लागतं तेव्हा दोघांनाही ते लागतं. पण पुढचे सगळे पगार वेळेवर झाले.

फेब्रुवारीत परत गेले. पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून पुढे, आम्ही त्यात बसत नाही. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुट्टी मिळते, पण घर धनकवडीत आणि ऑफिस नऱ्ह्यात, मधे हायवे. जाऊन येईपर्यंत तासाच्या वर. म्हणून पंप. जागा कुठली, तर स्टोअर. बबल रॅपच्या गुंडाळ्या आणि रिजेक्ट मालाच्या क्रेटच्या मधोमध एक खुर्ची, दाराला आतून कडी नाही म्हणून बाहेर ऑफिसबॉयला उभा करायचा. दुधाची बाटली पँट्रीच्या फ्रिजमध्ये, साहेबांच्या ताकाच्या बाटलीच्या शेजारी. पहिल्याच दिवशी मी त्यावर मार्करने माझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. कडी मात्र पुढच्या आठवड्यात मॅडमनी स्वतः माणूस आणून बसवून घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

कायद्यात आणखी एक सोय आहे: कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर घरून काम, दोघांच्या संमतीने. टॅली, म्हणजे आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, काही नऱ्ह्यातच बसून चालतं असं नाही. आठवड्यातले दोन दिवस घरून, हे साहेबांनी एका मिनिटात मान्य केलं. त्यात त्यांचे पैसे जाणार नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये पगारवाढीची यादी करत होते. पॅकिंगच्या सुपरवायझर ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाळंतपणाची तारीख ऑगस्टची, म्हणाल्या. वाढ लागली की त्यांचा पगार २१ हजारांच्या थोडा वर जात होता, आणि हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. "मॅडम, माझी वाढ राहू द्या. मला ते ईएसआयसीच बरं. साहेबांकडे मागायला नको."

मी त्यांना बसवलं. अंशदानाचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर. तो सुरू झाल्यावर मधे पगार मर्यादेच्या वर गेला तरी कालावधी संपेपर्यंत माणूस योजनेतच राहतो, हप्ता पूर्ण पगारावर कापायचा. म्हणजे वाढ १ एप्रिलऐवजी १ मेपासून लावली तर सप्टेंबरअखेर त्या आत, तपासण्या आणि बाळंतपण बिबवेवाडीला, रजेचे पैसे महामंडळाकडून, वादाला जागाच नाही. जाणार काय, तर एका महिन्याची वाढ. ताईंनी बोटांवर मोजलं आणि हो म्हणाल्या.

साहेबांकडे गेले, दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपल्याला काही द्यावं लागणार नाही ना?" मी म्हटलं, हप्ता सोडून नाही. चहा यायच्या आत कागदावर सही झाली.